उलटा भरलेला तक्ता

९ जानेवारी २००८, मालवण
प्रोग्राम चालला. आर या संगणकभाषेत जे काम दोन दिवस चालायचं ते आता चहा उकळेपर्यंत होतं. मधला भाग सी भाषेत लिहिला, समीकरणं सोडवायला मॅट्रिक्स लायब्ररीतलं तयार रूटीन बोलावलं. मासळीच्या नोंदींचे वेगवेगळे नमुने घेऊन हजार वेळा. एकदाही अडकलं नाही, त्याचीच धास्ती.
निकाल स्पष्ट आहे. खोल पाण्यातल्या मोठ्या यांत्रिक जाळ्यांमुळे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची रापण रिकामी येते. माझ्या मार्गदर्शक सरांना पुण्याला अहवाल मेल केला, एक प्रत छापून बाबांना दिली.

१२ जाने.
सकाळी रापणीचा दोर ओढायला मीही. एवढी माणसं, एवढा वेळ, आणि जाळ्यात अर्धी टोपली.
तिथेच बाबांनी माझ्याकडे बोट करून सगळ्यांना सांगून टाकलं, "माझ्या चेडवान काम्पुटरार काढलेला आसा. मोठी जाळीच खातत आमचे माशे." २४ला मत्स्यखात्याचे साहेब शाळेत येणार, त्यांच्यापुढे माझा कागद वाचायचा. म्हटलं, बाबा, अजून तपासतेय.
"तपास गो. पण उद्या माशेच संपले तर काय तपासतलंस?"

१७ जाने.
दुपारभर वीज नाही. मासे कुठून कुठे जातात त्याचा तीन बाय तीनचा छोटा तक्ता वहीत हाताने सोडवला. संध्याकाळी प्रोग्रामला तोच दिला. उत्तर वेगळं. परत हाताने. परत वेगळं. माझीच बेरीज चुकत असेल.

१८ जाने.
बेरीज बरोबर आहे. प्रोग्राम चुकलाय, म्हणजे मी.
मासे समुद्राच्या कुठल्या पट्ट्यातून निघतात ते आडव्या ओळीत, कुठे पोचतात ते उभ्या रकान्यात. मी सीमध्ये तक्ता ओळीमागून ओळ भरला. लायब्ररी रकान्यामागून रकाना वाचते, म्हणजे तिला तक्ता उलटाच मिळाला. पुस्तिकेत लिहिलंय, मी पेन्सिलीने खूणसुद्धा केली होती. पण शाळेच्या आधी आत्याने मासळीबाजारात बांगडे मांडून मोजायला शिकवलं: एक ओळ सरली की खालची. हात तसाच चालला.
खऱ्या तक्त्यात किनाऱ्यावरून खोलात जाणारे मासे जास्त. रूटीनने तेच खोलातून किनाऱ्याला येणारे धरले. म्हणजे खोलात पकडलेला मासा जणू किनाऱ्याला येणाराच होता. मग मोठ्या जाळ्यांचा दोष फुगणारच.
चाचणीला घेतलेला तक्ता आडवा-उभा सारखाच होता. म्हणून तेव्हा उत्तर जुळलं. कशी मी.

१९ जाने.
सुधारून पुन्हा हजार वेळा. मोठ्या जाळ्यांचा परिणाम आधीच्या अर्ध्याहून कमी, आणि "काहीच परिणाम नाही" हेही हजार उत्तरांच्या पल्ल्यात बसतं. मोठी जाळी निर्दोष आहेत असंही नाही. एवढ्या नोंदींवरून सांगता येत नाही, इतकंच.
जेवले नाही.

२० जाने.
काल रात्री सरांना कळवलं. आज त्यांचा फोन. "चूक तुझी तूच पकडलीस, हे चांगलं. अहवाल मी मागे घेतो. गावात सांगणं मात्र तुझ्याकडे." सरांना सोपं आहे. त्यांना रापण ओढायची नाही.

२१ जाने.
बाबांना सांगितलं. ओटीवर फाटकी जाळी शिवत होते. हात थांबला नाही.
"म्हणजे रापण रिकामी येता ता खोटा?"
नाही बाबा, ते खरंच आहे.
"मगे?"
कोणामुळे, ते माझ्या आकड्यांतून ठरत नाही.
"माका ठरता. चाळीस वर्षां ठरता."
आत्या आतून म्हणाली, "तक्तो उलटो काय नि सुलटो काय! बांगडो दोनय बाजून भाजूचोच लागता." मला हसू आलं, आणि लगेच लाज. बाबा हसले नाहीत.

२२ जाने.
प्रोग्राम चौथ्यांदा वाचला. पुन्हा चूक निघावी, पहिलंच खरं ठरावं, असं वाटत होतं. ते वाटणं इथे लिहून ठेवते. चूक निघाली नाही.

२३ जाने.
बाबा आपणहून आले. खुर्चीमागे उभे राहिले, पडद्याकडे बघत.
"नव्या कागदार आमच्यासाठी काय उरता?"
म्हटलं, अजून नोंदी हव्यात, रोजच्या, दोन-तीन वर्षांच्या.
"आणि तोवर ती जाळी बंद करूक सांगूचा नाय?"
मी सांगू शकत नाही, बाबा. तुम्ही सांगू शकता.
त्यांनी खिसा चाचपला. मग, "जुनो कागद माझ्याकडेच आसा. सगळ्यांका दाखवलेलो."

२४ जाने., सकाळ
नवा कागद छापून पिशवीत घातलाय. जुना बाबांच्या खिशात. मागितला नाही, त्यांनी दिला नाही. माणसं शाळेकडे निघालीत. बाबा आत्ताच दारातून विचारून गेले, "बाय, तू बोलतलंस काय मी बोलू?"
चपला घालतेय. अजून उत्तर दिलेलं नाही.