पूजलेल्या लॅपटॉपसमोर

अण्णा, तुमच्या नातीला तुम्ही पाहिलं नाही. ती आता बारावीला आहे आणि सॉफ्टवेअरमध्येच जायचं म्हणते. काल खंडेनवमीला तिने जे केलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सकाळीच आईने तुमचा माप घ्यायचा व्हर्नियर, कोयता आणि पोरीचा एकुलता एक लॅपटॉप पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. पण एका कंपनीच्या शिकाऊ योजनेसाठी पोरीला संध्याकाळच्या आत प्रोग्राम पाठवायचा होता. कामगारांच्या पाळ्या आणि त्यांना घरी सोडणाऱ्या बस यांचा मेळ घालणारा. त्यात कुठेतरी चूक होती आणि ती सापडत नव्हती. तो दिवस हुकला की संधी गेली.

माझं डोकं फिरलं. चाकणपासून पिंपरीपर्यंत कंपन्यांच्या गेटवर मी युनियनच्या माईकवरून आयुष्यभर बोलत आले, मालकांवरही आणि अंधश्रद्धेवरही. "लोखंडाला कसला आलाय देव!" म्हणत मी आईसमोर सुरुवात केली. आई वाती वळत राहिली. "माझ्या घरात आज हत्यार चालायचं न्हाई." पोरच मला म्हणाली, "आई, इथे माईक नाहीये. जरा गप्प बस ना." आणि कोरा कागद घेऊन पाटासमोर मांडी घालून बसली. आठवून आठवून तिने प्रोग्राम लिहिला आणि मग स्वतःच यंत्र होऊन तो चालवायला लागली. बोट ओळीवरून सरकतंय, ओठ हलताहेत. "पहिली पाळी सुटली. बस लागली. माणूस कुरुळीत उतरला. दुसरी पाळी..."

अण्णा, मी एकदम चौथीत गेले. खंडेनवमीला तुम्ही मला भोसरीला तुमची कंपनी दाखवायला नेलंय. झेंडूची माळ घातलेली तुमची पत्रा दाबायची प्रेस बंद आहे आणि तिच्यासमोर डोळे मिटून तुम्ही पुटपुटताय. मी विचारते, मंत्र म्हणताय का? "न्हाई गं. चालवतोय तिला, मनात. रोज तिच्या आवाजात काय बी सुचत न्हाई." या पोरीला हे कुणी सांगितलं? मी तर नाही. मी तुमच्याबद्दल बोलले ते संपाचं, मोर्चाचं.

"रात्रपाळी!" पोर ओरडली. "ती आज सुरू होते आणि उद्या संपते. मी तारीख बदललीच नाही! आजी, रात्रपाळीवाले कंपनीतच अडकलेत, त्यांना बसच लागत नाहीये."

आईचा हात वातीवरच थांबला. तुमच्या रात्रपाळीनंतर सकाळी दाराशी उभं राहून वाट बघणारी बाई ती. "अडकलीत? आन् घरी बायका वाट बघत असतील की!" तिने स्वतः लॅपटॉप उचलला, पदराने कुंकू पुसलं. "धर. सोड त्यांना आधी घरी."

ऊन उतरायच्या आत प्रोग्राम गेला. निकाल अजून यायचाय.

हे पत्र तुमच्या व्हर्नियरच्या डबीखाली ठेवतेय, दुसरा पत्ता कुठून आणू? एक मात्र कबूल करते. पोर पाठमोरी बसून टाइप करत होती, पाट रिकामा होता, आणि तुमच्या या भाषणबाज लेकीने कुणी बघत नाही असं पाहून हात जोडले.