टाइल्स हिरव्याच होत्या

तीर्थरूप वहिनींस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरूनच). तुमची पाठ कशी आहे? लेकीकडचा पलंग मऊ आहे आणि मऊ पलंग तुम्हाला सोसत नाही, म्हणून विचारतो. नातवाची परीक्षा संपली असेल. निदान शाळेनं तरी संपवली असेल. घरी परतणं टाळायला तुम्ही ती आणखी किती लांबवणार, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आम्ही दोघे भाऊ खुशाल आहोत. दादाची खालची कवळी जरा दुखावली आहे, त्याचा खुलासा पुढे येईलच.

झालं असं, की कवळ्यांचे दात भाजायची माझी भट्टी बंद पडली आणि नवी बघायला मला नेमकं त्याच शहरात यावं लागलं, जिथे लग्नानंतर दादा तुम्हाला पहिल्यांदा घेऊन गेला होता. दादा म्हणाला, "मीही येतो. घरात बसून भिंती किती मोजायच्या?" (जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, म्हणजे भिंतींना खरोखर टेप लावून झाली असणार.) संध्याकाळी खोलीवर सामान टाकून मी जरा लवंडतोय, तोच हा बूट घालून दारात उभा. "चल, ते हॉटेल शोधू."

कुठलं, हे विचारायची सोयच नव्हती. ज्याच्या भिंतीवरून लेकीकडे व्याह्यांच्या देखत तुमचं दोघांचं वाजलं, तेच. तुम्ही म्हणालात टाइल्स हिरव्या, हा म्हणाला निळ्या, तुम्ही म्हणालात राहू दे, आणि राहू देण्याऐवजी यानं कागद मागवून टेबल-खुर्च्यांसकट नकाशा काढला, उत्तरेच्या बाणासह! तुम्ही उठून आत गेलात त्या अजून आतच आहात, आणि हा एकटा परत आला.

खरं सांगू का, मलाही ते हॉटेल बघायचं होतं. तुम्ही दोघं परत आलात तेव्हा मी अर्ध्या चड्डीतला, नव्या वहिनीशी बोलायची लाज वाटून दाराआड उभा. तुम्ही पर्समधून घडी केलेला कागदी रुमाल काढून माझ्या हातात दिलात. मग तिथले पेले कसे लांब दांड्याचे, वेटर पाठीशी हात बांधून कसा अदबीनं वाकतो, ते सगळं स्वयंपाकघरात करून दाखवलंत. तो रुमाल मी नाकाला कधी लावला नाही. खिशात राहून धुण्यात गेला आणि त्याचा लगदा झाला, तेव्हा मी चक्क रडलो होतो (घरात सांगितलं, पोट दुखतंय). आमच्या घरात तोवर कुणी काही असं करून दाखवत नसे. सगळे नुसते सांगत.

असो. दादानं रस्ता कुणालाही विचारला नाही. मोजणी खात्यातल्या माणसाला तो अपमान वाटतो. या गल्लीतून त्या गल्लीत, एकेका दारातून डोकावून पुढे, आणि मी मागे गुडघा सांभाळत. शेवटी एका गजबजलेल्या हॉटेलात शिरला आणि थांबला. ऑफिसं सुटल्याची गर्दी, खुर्च्यांची खरखर, स्वयंपाकघरातून लसणाचा वास, आणि भिंतींना खांद्यापर्यंत टाइल्स. हिरव्या. पोपटी नाही, मोरपंखी नाही, निखळ हिरव्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिला आणि मी दादाकडे बघायचं टाळलं.

मग तो थेट खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. तिथे ड्यूटी संपवून आलेल्या दोन नर्स जेवत होत्या, एक उंच, एक ठेंगणी. उंच म्हणाली, "आजोबा, कुणाला शोधताय?"

"ही आमची जागा आहे," दादा म्हणाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ठेंगणीनं खुर्चीवरची पिशवी उचलली. "मग बसा ना. आमची ताटं मोठी आहेत, संपत नाहीयेत."

असे आम्ही अनोळखी पोरींच्या ताटातले बटाटे आणि भाजलेली कोंबडी खायला बसलो. मी सोडा घेतला, खारा (माझं साखरेचं पथ्य तुम्हाला ठाऊक आहेच). दादानं बिअर मागवली. हो, दादानं! पहिलाच घोट घेतला आणि तुम्ही त्या पहिल्या वेळचा नेहमी सांगता तसाच ठसका लागला. फरक इतकाच, की तेव्हा त्याचे दात स्वतःचे होते. खालची कवळी सुटली ती सरळ ग्लासात. मी ती स्वतः केलेली, स्वतः बसवलेली. एखाद्या गवंड्यासमोर त्याचीच भिंत पडावी तसं माझं झालं. ठेंगणीनं शांतपणे काट्यानं ती बाहेर काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि म्हणाली, "वॉर्डात रोजचंच आहे हे. आजी नाही आल्या?"

"रागावून लेकीकडे राहिलीय," दादा म्हणाला.

वहिनी, हे वाक्य त्यानं माझ्यापाशी कधी उच्चारलेलं नाही.

"का बरं?"

"टाइल्शच्या रंगावरून." (कवळी रुमालात होती.) "ती म्हणत होती हिरव्या."

दोघींनी भिंतीकडे बघितलं आणि त्या खळखळून हसल्या. "म्हणजे आजीच बरोबर!"

"तीच बरोबर," दादा म्हणाला. "घरात आता भांडायलाशुद्धा कुणी नाही."

पोरी हसायच्या थांबल्या. उंच नर्सनं आपल्या वाटणीचं पुडिंग त्याच्यापुढे सरकवलं. कवळी परत बसवून ते खाताना त्यानं सांगितलं, की त्या रात्री तुम्ही काट्यानं वाटाणे टोचत होतात, ते निसटत होते, आणि ते बघण्यात त्याचं सूप गार झालं. टाइल्सकडे त्यानं बघितलंच नव्हतं. मग निळ्या कुठून आणल्यास, मी विचारलं. म्हणाला, "तिची साडी निळी होती."

उत्तराची वाट बघतो. लेकीला आशीर्वाद, व्याह्यांना नमस्कार.

तुमचा धाकटा दीर,
कवळीवाला

ता. क. सकाळी भट्टीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार इथलाच, जुना. तो म्हणाला, ते मूळ हॉटेल मागच्या रस्त्यावर होतं. पाडून कधीच चपलांचं दुकान झालं. आम्ही जेवलो ते हल्लीचं आहे. म्हणजे टाइल्सवरून सिद्ध काहीच होत नाही. दादाला मी हे बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका. आणि सोडा गोड होता.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना राहवलं नाही, सांगून टाकलं. दादा चष्मा पुसत म्हणाला, "माहीत आहे. रस्ता चुकेन का मी? हिरव्या टाइल्सचं हॉटेल शोधता शोधता पाय दुखले माझे." मग पेन मागितलं. पुढचं अक्षर त्याचं आहे.

शनिवारी दुपारी तुला न्यायला येतो. येशील ना?