अण्णांचा चौदा गोळ्यांचा दवाखाना

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना धाकट्याचा (वय चव्वेचाळीस, तरी धाकटाच) नमस्कार. तुमच्या तब्येती बऱ्या असतील. इकडे सर्व खुशाल, असं लिहिणार होतो. पण पत्रात खोटं लिहिलं की रोजनिशीत त्याची कबुली द्यावी लागते, आणि यंदाची वही आताच भरत आली आहे.

तर, अण्णांना मलेरिया झाला. म्हणजे आरोग्य केंद्रात रक्त तपासणाऱ्या आणि दर सोमवारी घरोघर मच्छरदाणीचं महत्त्व सांगत फिरणाऱ्या माणसाच्या बापाला. रक्ताची काच मीच पाहिली. जंतू इतके ठळक होते की आधी मला आनंद झाला (शिकाऊंना दाखवायला इतका छान नमुना वर्षात आला नव्हता) आणि काळजी नंतर वाटली. हा क्रम मला अजून छळतो.

मच्छरदाणी घरात होतीच, औषध लावलेली, नवी कोरी. अण्णांनी ती कोंबड्यांपासून वाचवायला टोमॅटोच्या रोपांवर घातली होती. मी काय उरलेलं दूध आहे जाळीखाली ठेवायला, असं त्यांचं म्हणणं. तुझी भावजय म्हणते, काही का असेना, एकाही रोपाला ताप नाही.

डॉक्टरबाईंनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, रोज एक. ताप उतरला तरी हे जंतू यकृतात दडी मारून बसतात, म्हणून सगळ्या संपवायच्या, असं नीट समजावलं. अण्णांनी जन्मभर मुख्याध्यापकी केलेली. नव्या शिक्षिकेचा पाठ ऐकावा तशी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी ताप गेला. नंतर मी रोज विचारायचो, गोळी झाली का, आणि ते म्हणायचे, झाली. जन्मदात्यावर संशय घ्यावा का, यावर मी रोजनिशीत दोन पानं लिहिली आणि संशय घ्यायचा नाही असं ठरवलं. तिथेच माती खाल्ली.

गेल्या सोमवारी शिंप्याकडे गेलो. ताप आला होता का, विचारलं. आला होता, पण अण्णांच्या गोळीनं पळाला, म्हणाला. न्हाव्याला अर्धी मिळाली होती, कंबरेसाठी. बँकेतल्या बाईंना पाव, मुलीनं परीक्षेची धास्ती घेतली म्हणून. सात घरांत अण्णांचा दवाखाना जोरात चालू होता. सगळ्यांचं रक्त घेतलं (सुदैवानं कुणात काही निघालं नाही) आणि अहवाल लिहायला बसलो. औषध कुठून मिळालं, या रकान्यात आधी ‘स्थानिक’ लिहिलं. खोटं नव्हतं. मग खोडून ‘माझे वडील’ लिहिलं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “तुमच्या घरी तपासणीला कोण जातं?”

मीच, ताई. आमचं घर माझ्याच यादीत आहे, आणि मच्छरदाणीच्या रकान्यात मी दर सोमवारी न बघता बरोबरची खूण करतो.

घरी येऊन अण्णांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, “लोक तापानं फणफणायचे आणि मी ठणठणीत बसून औषध खायचं? हे शिकवलं का तुला मी?” त्यांचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा उदात्त होता, म्हणून मी तो रोजनिशीत उतरवून घेतला. शुक्रवारी त्यांचे दात वाजू लागले. पुन्हा ताप, पुन्हा काच, पुन्हा तेच जंतू. या वेळी आनंद झाला नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे किती वेळा झेपेल, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. सगळं पत्र याचसाठी : तू पंधरा दिवस ये. रोज समोर उभी राहा, गोळी गिळायला लाव, तोंड उघडायला लावून बघ. माझ्यानं होत नाही. मी अजून त्यांचा विद्यार्थीच आहे.

ता. क. २ (अण्णांच्या हस्ताक्षरात) : पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. शुद्धलेखन ठीक. चिरंजीव स्वतः मच्छरदाणीबाहेर झोपतात, आत गुदमरतं म्हणे. ते लिहायचं राहिलं. तू अवश्य ये. नव्या पाकिटातल्या दोन गोळ्या तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. प्रवासाचा शीण जाईल.