वाकायचं नाही

७ एप्रिल, सोमवार
शिंकलो आणि कंबर गेली! लोकांची सिमेंटच्या गोण्या उचलून जाते, माझी नाकामुळे. तेहतीस वर्षं बँकेत खुर्ची उबवली, तिचं हे बक्षीस. बायकोने, हेमाने, माझ्या पायात चपला चढवल्या आणि मला रिक्षात घातलं.

फिजिओथेरपिस्ट ऋजुता म्हणजे कालची पोर. म्हणे, स्नायू आखडलाय, बाकी काही नाही, काका. छापील कागद दिला. पहिलीच ओळ — कंबरेतून वाकून वजन उचलू नका. एवढं पुरे! फ्रिजवर जागा कमी, म्हणून अर्धा दुमडून लावला.

९ एप्रिल
मानपाड्यात उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगला पाणी वर चढत नाही. पहाटे सव्वापाचला खालच्या नळावरून बादल्या भरायच्या, दोन जिने चढायचे. हे खातं माझं. हेमा म्हणाली, राहू द्या, मी आणते. मी नुसतं फ्रिजकडे बोट दाखवलं.

१४ एप्रिल
दुखत नाही.

२० एप्रिल
शेजारचे शिवराम म्हणाले, जमिनीवर घोंगडी टाकून झोपा. म्हटलं, सकाळी उठवायला तुम्ही या.

चष्मा पडला, हेमाने उचलला. पेपर पडला, हेमाने. रिमोट मात्र मीच पाडला, येते का बघायला. आली.

२ मे
पंचवीस दिवस! कंबर ठणठणीत. ऋजुताला फोन करून कळवलं. तिने विचारलं, रोज चालताय ना? म्हटलं, हो. फ्रिजपर्यंत.

हेमा हल्ली ओट्यापाशी एक पाय पाटावर ठेवून उभी राहते. काय नवीन फॅशन, कोण जाणे.

६ मे
पहाटे जिन्यात आवाज झाला. बादली आडवी, पाणी खालपर्यंत, हेमा कठड्याला धरून बसलेली. उठता येईना. शिवरामांनी आणि मी खुर्चीत बसवून वर आणली. शिवराम म्हणाले, तुम्ही मागची बाजू धरा, आणि मी धरली.

ऋजुता घरी आली. कधीपासून दुखतंय, विचारलं. हेमा म्हणाली, पंधरा दिवस. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?
"तुमचं एवढं छान चाललं होतं."
फार लाज वाटली.

जाताना ऋजुताने फ्रिजवरचा कागद उलगडला. खालच्या अर्ध्यात लिहिलंय — गुडघ्यांत वाका, वजन अंगाशी धरा, हळूहळू रोजची कामं सुरू करा.
"काका, हे चौथ्या-पाचव्या दिवसापासून करायचं होतं."

७ मे
सव्वापाच. गुडघ्यांत वाकलो. बादली अंगाशी. आठ खेपा, दोन जिने.

मला काहीही झालं नाही.