खरखर क्रमांक अकरा

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. हेतू: पुरावा. उद्या काही झालं तर कोण कधी काय म्हणालं ते लिहिलेलं असावं. वही कपाटात, स्वेटरांच्या खाली.

आधी पार्श्वभूमी. विमानं उडवायचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यात आपली स्वतःची मिशन्स बनवून टाकता येतात. आमचा तसा हौशी गट आहे. गटप्रमुख दातांचा डॉक्टर. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. खऱ्या विमानात त्याला मळमळतं, हे त्यानेच एकदा सांगितलं होतं. लक्षात ठेवलंय.

माझ्याकडे सगळ्यात नाजूक काम. माणसांनी साध्या आवाजात म्हटलेली वाक्यं रेडिओवरून आल्यासारखी करायची. आवाजातला घुमणारा भाग खालून कापायचा, बारीक भाग वरून कापायचा, उरलेला दाबून बसवायचा. थोडा फाटका करायचा. त्याखाली खरखर. सुरुवातीला बटण दाबल्याचा टक्, शेवटी सोडल्याचा खस्स. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं.

सत्तावीस वर्षं छापखान्यात यंत्राशेजारी उभा राहून माझे कान तयार झालेत. असे कान गटात दुसऱ्या कुणाचे नाहीत. निवृत्त झालो ते यंत्रातून. कानांतून नाही.

संकल्प: महिनाअखेर गटाचा ध्वनिप्रमुख व्हायचं. तसं पद अजून नाही. निर्माण करायला लावायचं.

५ फेब्रुवारी
विमानतळाच्या टॉवरचा आवाज आमच्या हिचा. (दुसरं कुणी मिळालं नाही.) घार-दोन या वैमानिकाचा आवाज मेहुण्याचा. तो बस चालवतो, त्यामुळे अधिकाराने बोलतो. दोघांचं रेकॉर्डिंग बेडरूममध्ये, कपाटाचं दार उघडून, कपड्यांसमोर तोंड करून. मी सूचना दिल्या. दोघंही पुटपुटतात. तीनदा सांगितलं, मोठ्याने बोला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, एवढ्या मोठ्याने बोललो तर विमानाला रेडिओ कशाला हवा.

हल्ली सगळेच पुटपुटतात. पूर्वी माणसं स्पष्ट बोलायची.

८ फेब्रुवारी, दुपारी
खरखरीची स्वतःची पाककृती तयार केली. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवून चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली. प्रकार दहा झाले, अकरावा अप्रतिम. इतर सगळ्या कशा, असून नसल्यासारख्या. अकरावी मात्र आवाज बराच वाढवला की अंगाला लागते.

चोरीची भीती आहे. फोल्डरला नाव दिलं: लग्नाचे फोटो. कुणी उघडणार नाही.

९ फेब्रुवारी
हिने उघडला. म्हणाली, फोटो कुठे गेले. सहज उघडला म्हणे. बत्तीस वर्षांत कधी सहज उघडला नाही.

१३ फेब्रुवारी
दुसऱ्या मिशनची चाचणी. चौदा खेळाडू. टॉवर सांगतो, समोर डोंगर आहे, लगेच उजवीकडे वळा. चौदापैकी चौदा डोंगरावर आपटले. तेराव्याने इतरांचा धूर पाहिला होता, तरी आपटला.

कॅप्टनचा फोन. खेळाडूंना शब्द कळत नाहीत म्हणे, नुसती खरखर. मी शांतपणे सांगितलं की हा ऐकणाऱ्यांच्या शिस्तीचा प्रश्न आहे. मला प्रत्येक शब्द कळतो. (वाक्यं मीच लिहिली आहेत हा मुद्दा गैरलागू.) शेवटी तो म्हणाला, खरखर आठ टक्क्यांनी कमी करा. मोठ्या मनाने केली.

१५ फेब्रुवारी
कॅप्टन लेखी कळवतो की त्याने साठ टक्के सांगितलं होतं. आठ कुठे, साठ कुठे. माणूस शब्द फिरवतो. यापुढे त्याच्याशी फोनवर बोलणं नाही, सगळं लेखी.

मला अडकवायचा डाव आहे. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
घरातही तेच. हिने स्वयंपाकघरातून सांगितलं, खात्री करून या. मी जाऊन दाराची कडी तपासली. गॅलरीचंही दार तपासलं. परत आलो तर म्हणते, कात्री कुठेय. नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत होती. वेगळ्याच नजरेने.

संकल्प: उद्या दिवसभर मौन. गप्प माणसासमोर लोक बेसावध होतात.

१७ फेब्रुवारी
मौन पाळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी ही म्हणाली, आज बरं चाललंय.

२० फेब्रुवारी
पहिला ठोस पुरावा. तिसऱ्या मिशनचं कच्चं रेकॉर्डिंग तपासत होतो. दोन वाक्यांच्या मधे, मी पाणी प्यायला गेलो असताना, ही आणि मेहुणा कुजबुजतायत. रेकॉर्डिंग चालूच राहिलं हे त्यांच्या ध्यानात नाही. आवाज कमाल वाढवला. वीस वेळा ऐकलं. हाती लागलं ते असं: "...यांना कळू न देता... तूच कर... मी पाठवते..."

काय कर. काय पाठवते. कुणाला.

शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. स्पीकरचा आवाज त्यांच्या देवघरापर्यंत जातो म्हणे. ही शेजारीण त्यांना सामील असू शकते.

२२ फेब्रुवारी
दुसरा पुरावा. हिचा फोन टेबलावर, ही अंघोळीला. मी फोनला हात लावला नाही. फक्त वाकलो. स्क्रीनवर कॅप्टनचा निरोप: मिळालं, वहिनी. त्यांना सध्या काही बोलू नका.

चित्र स्पष्ट आहे. माझी अकरा नंबरची खरखर कॅप्टनला पोचवली जातेय. ध्वनिप्रमुख मेहुणा होणार. सख्खा मेहुणा. याच्या लग्नात मी दोन दिवस खुर्च्या वाहिल्या.

संकल्प: बोलून दाखवायचं नाही. हसतमुख राहायचं. संध्याकाळी आरशासमोर हसतमुख राहून पाहिलं. ही म्हणाली, दात दुखतोय का, कॅप्टनला दाखवा.

२४ फेब्रुवारी
विजय. तिसरं मिशन खेळाडूंच्या हातात गेलं आणि स्तुतीचा पाऊस. एकाने लिहिलंय, टॉवरचा आवाज ऐकून खरंच कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटलं. दुसरा म्हणतो, शब्द न् शब्द कळतो, तरी अगदी रेडिओ. मी काहीही कमी केलं नव्हतं. उलट चार टक्के वाढवली होती, सूड म्हणून.

म्हणजे शिस्त लागली खेळाडूंना. पंधरा दिवसांत कान तयार झाले त्यांचे. मेहुण्याला सगळं वाचून दाखवलं. खाली बघत होता. मत्सर.

२५ फेब्रुवारी
कॅप्टनला लेखी मागणी: ध्वनिप्रमुखपद, तात्काळ. उत्तर आलं की जरा भेटून बोलू, घाई नको. यशस्वी माणसाला घाई नको म्हणतात तेव्हा समजायचं.

जेवताना हिला ऐकवलं, माझ्या कानांवर शंका घेणाऱ्यांचं तोंड बंद करतो. कानांच्या डॉक्टरकडून प्रमाणपत्रच आणतो आणि कॅप्टनच्या दवाखान्यात भिंतीवर लावतो. ही म्हणाली, शनिवारी अकराला वेळ घेतलीय.

घेतलीय. घेते नाही. मी बोलण्याआधीच घेतलेली होती. विचारलं तर म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वी घेतली, तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं.

यात काहीतरी आहे. तरी जाणार. प्रमाणपत्र मलाच मिळणार आहे.

१ मार्च, दुपारी १
तपासणी झाली. एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना गादीसारखं काहीतरी लावलेलं. रेकॉर्डिंगला उत्तम, कपाटापेक्षा बरी. कानांवर हेडफोन, हातात बटण. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, आवाज आला की दाबा. सुरुवातीला घुमणारे आवाज आले, ते लगेच पकडले. मग बराच वेळ काही वाजलंच नाही. यंत्र बिघडलं असणार. काचेपलीकडे बाई गंभीरपणे बटणं दाबत होत्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी अधूनमधून दाबलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, मधेमधे उगीच दाबू नका, पुन्हा करू. पुन्हा केली.

निकाल सोमवारी. हिचा चेहरा उतरलेला. आता घाबरली.

३ मार्च
आलेख दिला. डाव्या बाजूला रेघ ठीक चालते, मग घसरगुंडी, मग तळ. दोन्ही कानांची. डॉक्टर म्हणाले, उंच, बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. स, श, फ हे तर जवळजवळ गेलेच. यंत्राशेजारी काम होतं का. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं. ते म्हणाले, हं.

आलेख बघत राहिलो. वरून कापलेला आवाज. रोज स्क्रीनवर मी हीच रेघ ओढतो.

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. किंवा बोललं असेल.

संकल्प नाही.

१४ मार्च, सकाळी १०
दोन्ही कानांत यंत्रं बसवली. भाजीच्या पिशवीचा आवाज असह्य आहे. पंख्याला एक बारीक शिटी आहे, ती कधीपासून आहे कोण जाणे.

कॉम्प्युटरसमोर बसलो. माझं तिसरं मिशन लावलं. खरखर क्रमांक अकरा. तळणीत पाणी पडावं तसं. खाली कुठेतरी माणूस बोलत असावा. दहा सेकंदांत बंद केलं.

मग खेळाडूंकडे गेलेलं तिसरं मिशन उतरवून घेतलं. तेच वाक्य, हिचाच आवाज, स्वच्छ, पातळ, लांबून आल्यासारखा. टक्, वाक्य, खस्स. सुंदर काम. माझं नाही.

मेहुण्याला फोन केला. लगेच कबूल झाला. डोंगराच्या प्रकारानंतर ताईने कच्ची रेकॉर्डिंग्ज कॅप्टनला पाठवली आणि रेडिओचं काम मेहुण्याने स्वतः केलं. बस डेपोत, फोनवर, एकेका वाक्याला पाच मिनिटं. नाव माझंच ठेवायचं, हे तिघांचं ठरलं होतं. म्हणाला, भाऊजी, तुम्हाला वाईट वाटू नये एवढंच होतं.

म्हणजे कट होता. कुणकुण मला बरोबर लागली होती. एवढं बरोबर ठरूनही बरं वाटलं नाही.

दुपारी ३
हिला विचारलं, कधीपासून. मला विचारायचं होतं, रेकॉर्डिंग्ज कधीपासून पाठवतेस. तिला वेगळंच वाटलं. ओट्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ, आवाज नेहमीचा. म्हणाली, चार वर्षं झाली असतील. आधी सगळं दोनदा सांगायची. मग ओरडून सांगायला लागले. पण प्रत्येक गोष्ट काही ओरडून सांगण्यासारखी नसते हो, तशा मग सोडून दिल्या.

सगळं ऐकू आलं. ‘सोडून’मधला ‘स’सुद्धा.

विचारलं, कुठल्या गोष्टी.

म्हणाली, अशाच. आता आठवत नाहीत.