नोंद न झालेलं निवेदन

कराड,
१४ जून

चि. स्वप्नालीस अनेक आशीर्वाद.

तू विश्रामबागेत भावाकडे राहतेस, हे आपल्या कोंडीबा क्लार्ककडून कळलं. पत्ताही त्यानेच दिला. फोन लावायचं तीनदा मनात आणलं, पण तू "बोला सर" म्हणालीस तर पुढे काय बोलायचं ते सुचेना. म्हणून पत्र लिहितो आहे.

आम्ही दोघं ठीक आहोत. निवृत्त झाल्यापासून मी घरात नुसता लुडबुडतो. परवा डाळींच्या डब्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तर तुझ्या काकू म्हणाल्या, "इथं शाळा भरवू नका." निरोप समारंभ ठरल्याप्रमाणे एकतीस मेला झाला. हार, शाल, भाषणं, सगळं झालं. तुला निलंबित करून तेव्हा दहा दिवस झाले होते. व्यासपीठावर कोणी तुझं नाव घेतलं नाही. तू पाचवीपासून माझी विद्यार्थिनी, पुढे माझ्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायला आलीस, पण मीही घेतलं नाही.

तुझ्या बारावीतल्या राणीचं सांगतो. डाव्या डोळ्याने तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. याहून फार फरक पडेल असं डॉक्टरांना वाटत नाही. पोलीस भरतीसाठी पोरगी रोज माळावर पळायची, ते बंद झालंय. आता घरीच असते.

गुरुवारी तिचा बाप आला होता, धुळा. मेंढरं घेऊन परत गावाकडे निघालाय, वाटेत इकडच्या एका रानात कळप बसवला होता. दारात त्याला बघून वाटलं, हा आता मला धरणार. तो पायरीवरच बसला, आत यायला तयार होईना.

"आवं सर, बाईंस्नी काय करू नगा," म्हणाला. "पोरगी समदं सांगती. नळाला पानी न्हवतं, तवा बाईंनी सोताच्या बाटलीतलं पानी तिच्या डोळ्यात वतलं. पोरापोरींच्या बाटल्या गोळा केल्या. त्यांच्यामुळं दुसरा डोळा ऱ्हायला. तुमी मोठं सायेब, तुमी दोन सबुद लिवून दिलं तर त्यांची नोकरी ऱ्हाईल."

मी म्हटलं, "बघतो." त्याने हात जोडले. माझ्यापुढे जोडले, स्वप्नाली. मी त्याला चहा दिला आणि तो जाईपर्यंत पावसाच्या गप्पा मारल्या.

शनिवारी साताऱ्याला तुझी सुनावणी आहे, तुझी नोकरी राहणार की जाणार ते तिथे ठरेल. तुझ्यावरचा ठपका मी वाचलाय: उन्हाळ्यात रसायन हाताळताना निष्काळजीपणा केला आणि धोक्याची कल्पना वरिष्ठांना आधी दिली नाही. यातला दुसरा भाग माझ्या जबानीवर उभा आहे.

फेब्रुवारीत निवडणुकीच्या कामाला आपले शिक्षक गेले, खोल्या गेल्या आणि बारावीची प्रात्यक्षिकं मेमध्ये ढकलली गेली. एप्रिलच्या अखेरीस तू अकरा शिक्षकांच्या सह्या घेऊन निवेदन आणलंस. मला ते पाठ आहे. एप्रिलपासून गावाला टँकर येतो, प्रयोगशाळेचा नळ कोरडा असतो. वर पत्रा आहे. अमोनियाची बाटली तापली की आतला वायू दाबून बसतो आणि बूच काढताना उसळतो, म्हणून ती आधी गार पाण्यात ठेवावी लागते. पाणी नसेल तर परीक्षा घेऊ नये, किंवा पाण्याची हमी द्यावी. किती साधं मागणं होतं.

कोंडीबा आवक वहीत नोंद करायला वही उघडून बसला होता. मी म्हटलं, "राहू दे, मी बघतो." नोंद झाली की वर पाठवावं लागतं, हे मला तुझ्याहून जास्त ठाऊक होतं. आठवड्याने तालुक्याहून तक्ता आला: केंद्रावर पाणी, वीज, पंखे आहेत का? मी तिन्ही रकान्यांत "आहे" लिहिलं.

लोकांना मी सांगतो, "नाही" लिहिलं असतं तर केंद्र तालुक्याला गेलं असतं. बावीस किलोमीटर. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना कोणी पाठवलं नसतं. हे खरं आहे, पण तेव्हा माझ्या मनात मुली नव्हत्या. तीस वर्षांत आपलं केंद्र एकदाही रद्द झालं नव्हतं, ते माझ्या शेवटच्या महिन्यात रद्द झालेलं मला नको होतं. निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या. वरच्यांशी वाकडं घेऊन निरोप कसा घ्यायचा, एवढाच विचार. मान मिळावा म्हणून मी असा वागलो, याची मला लाज वाटते.

परीक्षेच्या दिवशी टँकर आला नाही. तू माझ्या खोलीत येऊन म्हणालीस, "सर, बाटली तापलीय, तासभर थांबू या." बाहेरचे परीक्षक घड्याळ बघत होते. मी म्हणालो, "कापड गुंडाळून उघड, तुला काय नवीन आहे?" तू तसंच केलंस. बाटली राणीच्या टेबलापासून हातभर अंतरावर होती, अमोनिया उसळून थेट तिच्या डोळ्यात गेला.

चौकशीत मला विचारलं, असं काही निवेदन आलं होतं का? मी म्हणालो, नाही. समोर तू बसली होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. माझं खोटं उघडं पाडायला तुला एक वाक्य पुरलं असतं. कोंडीबा आणि सह्या केलेले शिक्षकही गप्प राहिले, त्यांना अजून नोकरी करायची आहे.

निवेदन मी फाडलं नव्हतं. का, ते सांगता येत नाही. या पाकिटात आहे. अकरा सह्या, आणि वर माझ्या हातची तारीख. या पत्रासह ते सुनावणीत ठेव. मी स्वतःही येणार आहे. पण अधिकाऱ्यांपुढे माझी जीभ एकदा खोट्याकडे वळली आहे, ती पुन्हा वळणार नाही याची मलाच खात्री नाही. म्हणून हे आधी तुझ्या हातात देतो.

सुनावणी झाली की धुळाच्या वस्तीवर जाईन. राणी दारात असेल. तिला काय सांगायचं ते ठरवायचा मी दोन दिवस प्रयत्न करतोय, एक वाक्यही जमलेलं नाही.

तुझी माफी मागायला हे लिहिलेलं नाही. माफ करूही नकोस.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिला आहे. स्वप्नाली बाईंनी धोका वेळेवर कळवला होता. तो मी दडवला.

नाथाजी दत्तू माने,
माजी प्राचार्य