सुकाणूच्या लाकडाचं पेन

बाबा, पेन झालंय, तरी मला चैन नाही. बसते, उठते, पुन्हा लेथपाशी जाते. रविवारी तुझ्या नातीचं चर्चमध्ये लग्न आहे, आणि रजिस्टरवर सही करायला तिला तुझ्या होडीच्या लाकडाचं पेन हवं होतं. तू गेलास तेव्हा ती एवढीशी होती, तुझ्या मांडीवरून उतरायची नाही. "मला आजोबांचा चेहरा आठवत नाही गं आई, फक्त वास आठवतो," म्हणाली. झालं! आता आईने तो वास पेनात भरून द्यायचा.

होडी मोडीत निघाली तेव्हा सुकाणूचा एक तुकडा मी पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून उचलून आणला होता. कापला तर आतून भुसा. धड अशा दोनच पातळ पट्ट्या निघाल्या. पेनाला तेवढी जाडी पुरत नाही. म्हणून मधे तुझा काळपट साग आणि दोन्ही अंगांनी सासरच्या परसातला पिवळाधमक फणस, असं चिकटवायचं ठरवलं. गोखिवऱ्याच्या गाळ्यात मी अशी दुरंगी पेनं रोज करते. पण लेथवर पटाशी टेकली मात्र, जोड सुटला आणि सागाची पट्टी उडून फुटली. शेजारच्या गाळ्यातले सुतार म्हणाले, "ताई, हे लाकूड तेल प्यायलंय. थिनरने पुसून काढा, नायतर गोंद धरणारच नाय."

प्यायलंय म्हणजे काय! होडी वाळूत ओढलेली आहे, मी डबा धरून उभी आहे, तू फडक्याने माशाचं तेल चोळतोयस. मी नाक दाबते आणि तू खेकसतोस, "नाक काय दाबतेस गो? लाकराला तेल पाजलं नाय, तं दर्या पानी पाजंल!" तेव्हा तुझी भीती वाटायची. परवा मात्र राग आला. इतकं पाजलंस की त्याने दुसऱ्या लाकडाला जवळच करू नये?

उरलेली एक पट्टी हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. वास ठेवावा तर पेन होत नाही, पेन करावं तर वास जातो. शेवटी पुसली. फडकं तपकिरी झालं, गाळाभर तू पसरलास, आणि मी भर दुपारी रडले. जोड मात्र पक्का बसला. पेन देखणं झालं, दोन्ही रंग अगदी उठून दिसतात. नाकाशी धरलं, तर थिनर आणि थोडा फणस. तू कुठेच नाहीस.

मग मेडिकलमधून माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. सुईने टोचून पेनाला चोळल्या, हात न राखता. संध्याकाळी लेकीने पेन नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "आजोबा."

गोळ्यांचं मी तिला सांगितलं नाही. अजूनही नाही. हे तुला पोचणार नाही, म्हणून तर लिहितेय. खरं सांगू? गोळ्या मी स्वतः फोडल्या होत्या, तरी वास मलाही तुझाच आला.